खरी मिसूरी कोणती? जून १८०५ मधल्या एका निर्णयाचा अभ्यास

२ जून १८०५ च्या संध्याकाळी, पॅसिफिककडे जाणारा जलमार्ग शोधायला निघालेल्या मेरीवेदर लुईस आणि विल्यम क्लार्क या अमेरिकी कप्तानांच्या तुकडीने मिसूरी नदीच्या दक्षिण काठावर पडाव टाकला. पलीकडून एक मोठी नदी येऊन मिळत होती. तिच्याबद्दल त्यांना आजवर कुणी चकार शब्द काढला नव्हता. उजेड संपला होता, म्हणून पाहणी सकाळवर टाकली. सकाळी सगळे दोन नद्यांच्या मधल्या टोकावर आले आणि तेव्हा अडचण नीट कळली. इथे उपनदी येऊन मुख्य नदीला मिळत नव्हती, तर जवळपास तुल्यबळ अशा दोन नद्या एकत्र येत होत्या. त्यांतली मिसूरी कोणती हे ठरवल्याशिवाय पाऊल पुढे टाकता येत नव्हते.

आजच्या मोंटाना राज्यातल्या या संगमावर तुकडी दहाएक दिवस थांबली. मोहिमेच्या गोष्टी सांगताना अस्वले, धबधबे आणि बर्फातली उपासमार यांनाच जागा मिळते. हे दहा दिवस दोन वाक्यांत उरकले जातात. मला मात्र अख्ख्या मोहिमेत अभ्यासाला सगळ्यांत चांगले प्रकरण हेच वाटते. पुरावा अर्धवट, वेळ तुटपुंजा, सगळी माणसे एका बाजूला आणि दोन म्होरके दुसऱ्या बाजूला. शिवाय प्रत्येकाने काय विचार केला, हे त्या त्या दिवशी लिहून ठेवलेले आहे.

नेमके काम काय होते

अध्यक्ष थॉमस जेफरसन यांचे लुईसला दिलेले आज्ञापत्र २० जून १८०३ चे आहे. फ्रान्सकडून लुइझियानाचा अवाढव्य मुलूख दीड कोटी डॉलरला घेतल्याची बातमी तोवर वॉशिंग्टनला पोचलीही नव्हती. आज्ञा अशी, की मिसूरी आणि तिचा असा मुख्य प्रवाह धुंडाळा, जो पॅसिफिकला जाणाऱ्या पाण्याच्या जवळ नेईल आणि व्यापारासाठी खंडाच्या आरपार सगळ्यांत सरळ, सोयीचा जलमार्ग देईल. म्हणजे नदीचे नाव ठरवण्याला भूगोलाच्या पुस्तकापलीकडचा अर्थ होता. खरी मिसूरी म्हणजे पॅसिफिकला मिळणाऱ्या कोलंबिया नदीच्या दिशेने नेणारी मिसूरी.

१४ मे १८०४ ला सेंट लुईसजवळून निघून तुकडीने तो हिवाळा आजच्या नॉर्थ डकोटात, मँडन आणि हिदात्सा लोकांच्या गावांशेजारी काढला. ७ एप्रिल १८०५ ला सहा लहान डोंग्या आणि पिरोग म्हणतात तशा दोन मोठ्या होड्या घेऊन ते पश्चिमेला निघाले. एकंदर ३३ जीव. त्यांत क्लार्कचा गुलाम यॉर्क होता. दुभाषा शार्बोनो, त्याची शोशोनी जमातीची बायको सॅकागाविया आणि दोन महिन्यांचे त्यांचे मूलही होते.

पुढच्या प्रदेशाची जी काही माहिती होती, ती बहुतेक हिदात्सांकडून मिळालेली. त्यांचे लढवय्ये घोड्यांवरून रॉकी पर्वतापर्यंत जात. हिवाळ्यात त्यांना खोदून खोदून विचारून कप्तानांनी पुढच्या नद्यांची यादी केली होती आणि आतापर्यंत ती बरोबर ठरत आली होती. उत्तरेकडून येणारी एक मोठी नदी सांगितली होती, ती मागेच लागून गेली असा त्यांचा हिशोब होता. त्यानंतर मिसूरीवर एक प्रचंड धबधबा. मधल्या या दुसऱ्या नदीचा उल्लेख कुठेच नव्हता.

लुईसने या मौनाचाही उलटसुलट विचार केला, तो वाचण्यासारखा आहे. उत्तरेचा फाटा मिसूरी नसेल, तर एवढी मोठी उपनदी हिदात्सांनी कशी सांगितली नाही? आणि तोच मिसूरी असेल, तर धबधब्याकडे जाताना दक्षिणेचा फाटा त्यांना ओलांडावाच लागला असणार, मग तो कसा सांगितला नाही? मौन दोन्हीकडून सारखेच कोड्यात टाकणारे होते. आज त्याचा उलगडा साधा वाटतो. हिदात्सा घोड्यावरून जात, नदीची वळणे टाळून माळ कापत. उत्तर काठावर कुठे काय मिळते ते होडीतल्या माणसाला दिसते, दक्षिणेच्या पठारावरून दौडणाऱ्याला दिसेलच असे नाही. माहिती खोटी नव्हती. ती वेगळ्या वाटेने जाणाऱ्या माणसांची होती.

दोन नद्यांचे पाणी

उत्तरेचा फाटा २०० यार्ड रुंद, खोल, दक्षिणेच्या फाट्याहून संथ, तळाला चिखल; पाणी पांढुरके तपकिरी, दाट, गढूळ. दक्षिणेचा फाटा ३७२ यार्ड रुंद, उथळ पण वेगवान. पाणी नितळ, तळाला गुळगुळीत गोटे.

नावाडी आणि शिपाई यांचा निकाल लगेच लागला: उत्तरेचीच मिसूरी. या मताला हसण्यात अर्थ नाही. हजारो मैल त्यांनी जी नदी दोर लावून, वल्ही मारून, छातीभर पाण्यात उतरून अंगावर घेतली होती, ती अशीच गढूळ आणि अशीच घुसळत वाहणारी होती. लुईसनेही लिहून ठेवले आहे, की इथून मेक्सिकोच्या आखातापर्यंत मिसूरीला जो रंग आणि स्वभाव आहे तो उत्तरेच्या फाट्यानेच दिलेला आहे. त्यात पिएर क्रुझात त्याच मताचा. अर्धा फ्रेंच, अर्धा ओमाहा, एका डोळ्याने अधू असलेला हा माणूस तुकडीतला सगळ्यांत जाणता नावाडी होता. मिसूरीवर त्याची हयात गेलेली. त्याचा शब्द नदीच्या बाबतीत शेवटचा मानला जाई.

कप्तानांनी त्या दिवशी मत दिले नाही. दिलेच असते तर आम्ही अल्पमतात असतो, एवढे लुईस नोंदवतो. त्यांना उलटा तर्क सुचत होता. पर्वतातून थेट उतरणारी नदी नितळ असते, गोटे घेऊन येते. गढूळ पाणी म्हणजे नदी लांबवर मोकळ्या मातीच्या मैदानातून फिरून आली आहे. आपल्याला पर्वतात जायचे आहे, तेव्हा पर्वताची खूण असलेले पाणी धरावे. माणसे मागच्या नदीशी साम्य पाहत होती, कप्तान पुढच्या पर्वताशी. पाणी तेच, गोटे तेच. दोघांचे प्रश्न वेगळे होते.

चुकीची किंमतही लुईसने आधीच मांडून ठेवली. प्रवासाच्या हंगामातले दोन महिने गेले होते. भलती नदी धरून पर्वतापर्यंत गेलो आणि तिथून परत फिरावे लागले, तर हा हंगाम तर बुडेलच, पण माणसांचा धीर असा खचेल की मोहीमच मोडेल. बुडालेल्या दिवसांइतकाच त्याने खचलेल्या मनाचा हिशोब धरला, हे मला महत्त्वाचे वाटते.

पाहणी

३ जूनलाच हलक्या डोंग्यांतून तीन-तीन माणसे दोन्ही फाट्यांवर धाडली. संध्याकाळी ती परतली, पण त्यांच्या सांगण्यावरून काहीच ठरेना. मग ४ जूनला दोघे कप्तान स्वतः निघाले: लुईस सहा जणांसह उत्तरेला, क्लार्क पाच जणांसह दक्षिणेला. लुईसने क्रुझातला आपल्याबरोबर नेले. विरोधी मताचा सगळ्यांत वजनदार माणूस त्याच्या आवडत्या नदीवरच पाहणीला नेणे, यात हेतू होता की योगायोग हे नोंदीत नाही. मला तो शहाणपणा वाटतो.

क्लार्क ६ तारखेला परतला. दक्षिणेची नदी वर गेल्यावरही तशीच रुंद, वेगवान होती आणि नैर्ऋत्येकडून येत होती. लुईस सुमारे ६० मैल वर गेला. नदी उत्तरेकडे वळतच राहिली, आणि पॅसिफिकच्या वाटेवर ती एवढी उत्तरेला असून चालणार नाही अशी त्याची खात्री पटली. परतताना पाऊस लागला. ७ जूनला एका कड्याच्या निसरड्या पायवाटेवर त्याचा पाय घसरला, तो हातातला लांब दांड्याचा भाला रोवून कसाबसा सावरला. तेवढ्यात मागून विंडसर नावाच्या शिपायाचा ओरडा आला. तो पोटावर पडला होता, उजवा हात-पाय कड्याबाहेर लोंबकळत होता, खाली ९० फुटांचा सरळ तुटलेला कडा. लुईसने आवाज शांत ठेवून त्याला कमरेचा सुरा काढायला लावला, मातीत पायापुरता खड्डा कोरायला सांगितला आणि त्या खड्ड्याच्या आधाराने वर यायला लावले. माहिती मिळवायला काय मोल पडत होते त्याचा हा नमुना.

८ जूनच्या संध्याकाळी, ठरलेल्या वेळेपेक्षा दोन दिवस उशिरा, लुईस तळावर पोचला. त्याची खात्री पक्की होती, पण त्याच्याबरोबर तीच ६० मैलांची वाट तुडवून आलेले सगळेच्या सगळे अजूनही म्हणत होते की हीच मिसूरी. एकच नदी, एकच प्रवास, निष्कर्ष मात्र उलटे. या नदीला लुईसने आपली चुलत बहीण मराया वुड हिचे नाव दिले. आज ती मरायस म्हणून नकाशावर आहे. उपनदीला नाव देऊन टाकणे म्हणजे एका परीने निकालच लावणे होते.

नकाशावरचा तर्क

९ जूनला दोघांनी लंडनचा नकाशाकार ॲरोस्मिथ याच्या नकाशाची माहिती पुढ्यात घेतली. फर व्यापार करणाऱ्या हडसन्स बे कंपनीचा पाहणीदार पीटर फिडलर याच्या शोधांच्या आधारे त्या नकाशात रॉकी पर्वताची पूर्व कड दक्षिणेला जवळजवळ ४५ अक्षांशापर्यंत दाखवली होती, आणि तिथे मोठी नदी आडवी जात नव्हती. लुईसच्या मोजणीप्रमाणे संगम सुमारे ४७ अंश २४ मिनिटांवर होता. फिडलर एवढा खाली उतरूनही त्याला मिसूरी दिसली नसेल, तर ती पर्वताला भिडण्याआधी बरीच दक्षिणेला वळत असली पाहिजे. क्लार्कने पाहिलेला फाटा तसाच वळत होता. हिदात्सांनीही सांगितले होते, की धबधबा त्यांच्या गावापासून मावळतीच्या जरा दक्षिणेला आहे आणि तिथले पाणी जवळजवळ नितळ आहे. हिदात्सांच्या गावांजवळचा हिवाळी तळ फोर्ट मँडन आणि हा संगम जवळपास एकाच अक्षांशावर होते. सगळे धागे दक्षिणेकडे जात होते.

यात एक गंमत आहे. फिडलर स्वतः एवढ्या दक्षिणेला कधी गेलाच नव्हता. त्या भागाची माहिती त्याला १८०१ मध्ये ॲक-को-मॉक-की या ब्लॅकफूट जमातीच्या प्रमुखाने रेखून दिली होती, आणि ती लंडनमार्गे ॲरोस्मिथच्या नकाशात उतरली. म्हणजे लुईसच्या तर्काची एक कडी चुकीच्या गृहीतावर टांगलेली होती. निष्कर्ष तरीही बरोबर निघाला, कारण बाकीच्या कड्या त्या एकीवर अवलंबून नव्हत्या. आणि ज्याला आपण ‘नकाशा नसलेला प्रदेश’ म्हणतो त्याचे नकाशे होते. ते हिदात्सा आणि ब्लॅकफूट माणसांच्या डोक्यात होते, जमिनीवर काठीने काढलेले होते. कोरा होता तो वॉशिंग्टनमधला कागद.

सॅकागावियाला विचारले का, असा प्रश्न वाचकाला पडेल. ती पश्चिमेच्या डोंगरांत जन्मलेली असली तरी तिला ओळखीची भूमी लागली ती जुलैच्या उत्तरार्धात, मिसूरीच्या वरच्या अंगाला असलेल्या थ्री फोर्क्सच्या बाजूला. या संगमाशी तिचा संबंध येतो तो तिच्या आजारापुरता. १० जूनपासून ती इतकी आजारी पडली की तिच्या जिवाची काळजी वाटू लागली.

हातचा राखून

कप्तानांनी आपली कारणे सगळ्यांपुढे मांडली. एकाही माणसाला ती पटली नाहीत. तुम्ही न्याल तिकडे आम्ही येऊ, असे त्यांनी आनंदाने सांगितले, पण मत तेच ठेवले: दक्षिणेची नदी लवकरच डोंगरात संपेल आणि आपण कोलंबियापासून फार दूर अडकू. हे वाक्य ध्यानात ठेवायला हवे, पुढे लागणार आहे.

ही लष्करी तुकडी होती, हुकूम देऊन विषय मिटवता आला असता. कप्तानांनी हुकूम दिला, पण तो चुकला तर कमीत कमी नुकसान व्हावे अशी त्याची रचना केली. सगळी तुकडी होड्यांसह लगेच हलवायची नाही. लुईसने चार माणसे घेऊन दक्षिणेच्या नदीच्या काठाने पायी पुढे जायचे आणि धबधबा किंवा बर्फाचे डोंगर यांपैकी एकाचा तरी छडा लावायचा. धबधबा ही खोटी न ठरणारी खूण होती. पाण्याच्या रंगावर वाद घालता येतो, धबधब्यावर येत नाही. मागून क्लार्कने होड्या सावकाश वर आणायच्या. अंदाज चुकलाच तर परत फिरणे काही दिवसांचे काम राहील.

दुसरे पाऊल ओझे कमी करण्याचे. लाल पिरोग संगमाजवळच्या बेटावर झाडांना बांधून फांद्यांनी झाकून ठेवली. तिच्यावरचे सात गडी बाकीच्या होड्यांना मिळाले. लोहाराची हत्यारे, कातडी, सापळे, थोडे पीठ, मीठ, डुकराचे मांस आणि वेगळी काढलेली बंदुकीची दारू व शिसे जमिनीत पुरले. खड्डा खोदला तो आपल्याकडच्या धान्याच्या पेवासारखा: वर तोंड अरुंद, आत पोट फुगीर. निघालेली माती नदीत टाकून दिली, म्हणजे वर मागमूस राहू नये. हे काम सोपवले कुणाकडे? क्रुझातकडे, कारण फर व्यापारातल्या या कलेची माहिती त्याला होती. मत नाकारले त्याच दिवशी त्या माणसावर तुकडीचा ठेवा सोपवला गेला. त्या रात्री त्याने फिडल वाजवले आणि माणसे नाचली. नाराजी न कुढता कशी जिरली, याचे उत्तर मला या दोन नोंदींत दिसते.

धबधबा आणि त्यानंतर

लुईस ११ जूनला निघाला. पोटात मुरडा येत होता, ताप होता, म्हणून वाटेत एका रानटी चेरीच्या काटक्यांचा काढा करून प्यायला आणि दुसऱ्या दिवशी चालू लागला. १३ जूनला दुपारच्या सुमारास त्याने पाण्याचा आवाज ऐकला. मग मैदानावर धुरासारखा वर चढणारा तुषारांचा लोट दिसला. मिसूरीचा महाधबधबा. जोसेफ फील्डला चिठ्ठी देऊन त्याने क्लार्ककडे धाडले. वाद संपला.

मात्र धबधबा एक नव्हता, ओळीने पाच निघाले. थोडक्यात उरकेल अशी अटकळ असलेली, धबधबे टाळून जमिनीवरून करायची वाहतूक १८ मैलांची झाली. कॉटनवूडच्या खोडाची चाके करून डोंग्या आणि सामान गाड्यांवरून ओढावे लागले, पायात निवडुंगाचे काटे, डोक्यावर गारा. पुन्हा नदीवर रवाना व्हायला १५ जुलै उजाडला. संगमावर वाचवलेला वेळ इथे दामदुपटीने गेला, पण त्याचा दोष संगमावरच्या निर्णयाला देता येत नाही.

खरा हिशोब त्याच्याही पुढे आहे. आज्ञा मिसूरीच्या उगमापर्यंत जाण्याची, म्हणून ते नदीच्या वळणांमागोमाग दक्षिणेला गेले, १२ ऑगस्टला लुईस लेमही खिंडीत चढला आणि पलीकडे नौकानयनाची नदी नसून डोंगरामागे डोंगर होते. शोशोनींकडून घोडे घेऊन, उत्तरेला वळून तुकडी ९ सप्टेंबरला बिटररूटच्या खोऱ्यातल्या ट्रॅव्हलर्स रेस्ट या जागी पोचली. तिथे त्यांच्या शोशोनी वाटाड्याने सांगितले, की इथून मिसूरी चार दिवसांच्या अंतरावर आहे. धबधब्यापासून तिथे यायला त्यांना आठ आठवडे लागले होते! परतीच्या प्रवासात, जुलै १८०६ मध्ये, लुईसने तीच खुष्कीची वाट धरली आणि नऊएक दिवसांत मिसूरी गाठली.

म्हणजे संगमावर नदी बरोबर निवडली, आणि दक्षिणेची नदी डोंगरात संपून आपल्याला कोलंबियापासून दूर सोडील ही माणसांची भीतीही खरी ठरली. दोन्ही एकदम. कप्तानांनी ‘मिसूरी कोणती’ या प्रश्नाचे उत्तर अचूक काढले. ‘पलीकडे जायला नदीच धरून जायचे का’ हा प्रश्न आज्ञापत्राने विचारूच दिला नव्हता. त्यांच्या पद्धतीत मला खोट काढायची तर ती इथे काढीन. मौनाचा, पाण्याचा, अक्षांशाचा इतका बारीक विचार करणाऱ्यांनी, हिदात्सा घोड्यावरून का जातात यावर थांबून विचार केल्याचे दिसत नाही.

मरायसचे प्रकरणही जूनमध्ये मिटले नाही. १८०६ च्या परतीत लुईस तीन माणसे घेऊन मुद्दाम तिच्यावर गेला. तिचे पाणी ५० अक्षांशापर्यंत पोचत असेल, तर लुइझियानाची हद्द तिथवर धरून अमेरिकेला उत्तरेच्या फर-मुलुखावर हक्क सांगता आला असता. पोचत नव्हते, जिथून तो मागे फिरला त्या तळाचे नाव त्याने ‘निराशा’ ठेवले. परतताना २७ जुलैला ब्लॅकफूट लोकांपैकी पिगन तरुणांशी बंदुका आणि घोड्यांवरून झटापट झाली आणि दोन पिगन मारले गेले. लुईस आणि त्याची माणसे शंभर मैलांहून जास्त घोडे दामटत मिसूरीवर आली. पुरलेला ठेवा खचला होता, बरेच सामान खराब झाले होते, दारू-पीठ-मीठ बरे होते. लाल पिरोग कुजून निकामी झाली होती.

डिसेंबर १८८९ मध्ये ग्रेट नॉर्दर्न रेल्वेचा अभियंता जॉन स्टीव्हन्स रॉकी ओलांडायला सखल खिंड शोधत होता. ती त्याला मरायसच्याच एका उपनदीच्या डोक्याशी सापडली. उंची सुमारे ५,२०० फूट. लेमही खिंड ७,३०० फुटांच्या वर आहे. क्रुझातला तिथली काहीच कल्पना नव्हती आणि घनदाट जंगलातल्या त्या खिंडीतून होड्या नेता आल्या नसत्या, तेव्हा त्याचे मत बरोबर होते असे म्हणता येणार नाही. पण शिकागोहून सिएटलला जाणारी रेल्वे आज त्याच खिंडीतून जाते.